एका कापलेल्या सायलेन्सरची कैफियत

आमच्या इमारतीच्या मीटरखोलीत गेले चार महिने एक पत्र्याचा डबा पडून आहे. लांबट, पोटाशी फुगीर, दोन्ही टोकांना करवतीने कापलेल्या नळीची थोटके मिरविणारा हा डबा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील एका उमद्या तरुणाच्या मोटारीचा मूळ सायलेन्सर होय. वाकोल्याच्या बाजूच्या कुठल्याशा गॅरेजात तो कापून काढण्यात आला, त्याच्या जागी मनगटाएवढ्या जाडीचे झगझगीत पोलादी नळकांडे वेल्डिंग करून बसविण्यात आले, आणि तेव्हापासून रात्री साडेअकराच्या सुमारास पश्चिम द्रुतगती महामार्ग सोडून ती गाडी आमच्या गल्लीत शिरली, की पाळण्यातल्या पोरापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना तिच्या आगमनाची वर्दी न मागता मिळू लागली.

शेजारधर्माने मी हा विषय काढला, तेव्हा त्या तरुणाने दिलेले उत्तर मुळीच उद्धट नव्हते. "काका, कंपनीने इंजिनाचा गळा आवळून ठेवलेला असतो," तो म्हणाला, "आपण तो मोकळा केला. आता गाडी खरा श्वास घेते. पिकअप वाढला, ॲव्हरेजही वाढेल, इंजिन जास्त टिकेल, असं गॅरेजवाला सांगतो. आणि रेसच्या गाड्यांना कुठं असतो सायलेन्सर?" आवाजाबद्दल त्याने दिलगिरीही दर्शविली, मात्र आवाज ही शक्तीची अपरिहार्य किंमत आहे आणि शहाण्या माणसाने ती मोजावी, हा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

हा प्रतिवाद त्या तरुणाविरुद्ध नसून, ज्या मताने त्याला मोहविले त्या मताविरुद्ध आहे. शिवाय आवाजाच्या तक्रारीने मी आरंभ करणार नाही. कारण आवाजाची फिर्याद केली, की प्रतिपक्ष फिर्यादीला म्हातारा ठरवून मोकळा होतो, आणि मूळ दाव्याची तपासणी राहूनच जाते. मी येथे इंजिनाचा वकील म्हणून उभा आहे. ज्या इंजिनाच्या कल्याणाचे नाव सांगून हा उद्योग चालतो, त्या इंजिनाला त्यातून काय मिळते आणि ते काय गमावते, एवढाच हिशेब मला मांडावयाचा आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते बिनशर्त मान्य करतो. जळालेला वायू सिलिंडरातून बाहेर ढकलण्याचे काम शेवटी पिस्टनलाच करावे लागते, आणि त्या वाटेत जितका अडथळा, तितकी शक्ती त्या ढकलाढकलीत खर्ची पडते, हे कोणीही नाकारू नये. कार्बुरेटरच्या जमान्यात, जेव्हा कारखान्यातून येणारे मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला वायू एकत्र आणणारे भाग, ओबडधोबड ओतीव लोखंडाचे असत, तेव्हा त्यांच्या जागी बसविलेल्या, नीट आखलेल्या हेडरने इंजिनात उघड फरक पडत असे. आणि टर्बो बसविलेल्या गाडीत टर्बोच्या पुढील नळी मोकळी केली तर त्याचे चाक लवकर वेग घेते, हेही खरे. परंतु एका सत्यांशाच्या सनदेवर दहा असत्ये वसूल करणे हा जसा दुसऱ्या अनेक व्यवहारांत, तसा या धंद्यातही रूढ झालेला प्रकार आहे.

कारण एक्झॉस्टची नळी म्हणजे सांडपाण्याची मोरी नव्हे. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तो पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या थोडा आधीच. त्या क्षणी सिलिंडरातील दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, आणि वायू बाहेर झेपावताच दाबाची एक लहर नळीतून पुढे धावू लागते. जेथे चार नळ्या एकत्र येतात किंवा नळी एकाएकी रुंदावते, तेथे या लहरीचा काही भाग उलट्या रूपाने, म्हणजे दाबाऐवजी ओढ होऊन, मागे फिरतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनटेकचा उघडू लागलेला असा जो निमिषमात्र संधिकाल असतो, नेमक्या त्या वेळी ही ओढ परत आली, तर ती सिलिंडरात रेंगाळलेला वायू खेचून काढते आणि मागोमाग ताजे मिश्रण आत ओढते. वेळ चुकली, तर ती मदत हुकते, किंबहुना वापरलेला वायूच परत आत लोटला जातो. हा संधिकाल इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना साधावा, हे नळीची लांबी आणि तिचा व्यास यांवरून ठरते. सनईची नळी चार बोटे कापली तर वाजविणाऱ्याचा श्वास मोकळा होतो असे नव्हे. सूर तेवढा बदलतो, आणि बरोबरीच्या सूरपेटीशी त्याचा मेळ राहत नाही.

तेव्हा 'मोकळा श्वास' या मोहक शब्दाची पहिली मर्यादा येथेच दिसून येते. नळी वाजवीपेक्षा रुंद केली की वायूचा वेग मंदावतो, आणि कमी फेऱ्यांवर या वेगाच्याच जोरावर सिलिंडर स्वच्छ होत असल्यामुळे, वरच्या टोकाला मिळालेल्या चिमूटभर लाभाची किंमत खालच्या टोकाला चुकती करावी लागते. आता खालचे टोक आणि वरचे टोक म्हणजे काय, ते आमच्या सांताक्रूझच्या रस्त्यावर उभे राहून पाहू.

उदाहरणादाखल आपल्याकडे घरोघर दिसणारी, २०१८ साली नव्या रूपात आलेली मारुती सुझुकी स्विफ्ट घ्या. तिचे १,१९७ सी.सी.चे पेट्रोल इंजिन ८३ अश्वशक्ती देते ती ६,००० फेऱ्यांवर, आणि ११३ न्यूटन मीटरचा सर्वाधिक टॉर्क देते तो ४,२०० फेऱ्यांवर. अशा लहान, टर्बो नसलेल्या इंजिनात केवळ मागचा मफलर, म्हणजे सायलेन्सर, बदलल्याने होणारी वाढ सहसा दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणजे फार उदार मनाने मोजली तरी दोन-अडीच अश्वशक्ती, आणि तीही ६,००० फेऱ्यांच्या आसपास. स्वामी विवेकानंद मार्गावर रिक्षांच्या रांगेत, मिलन सबवेच्या उतारावर, किंवा कालिन्याहून चेंबूरकडे जाणाऱ्या जोडरस्त्याच्या सुरुवातीच्या खोळंब्यात ६,००० फेऱ्यांची गाठ कोणाला पडते? तेथे इंजिन हजार ते अडीच हजार फेऱ्यांत घुटमळत असते, म्हणजे ज्या प्रदेशात नव्या नळीने काही दिले तर नाहीच, उलट थोडे काढून घेतले, त्याच प्रदेशात गाडीचे सारे आयुष्य जाते. दोन-अडीच अश्वशक्तीचीच हौस असेल, तर एअर कंडिशनरचे बटन बंद केल्याने त्याहून अधिक शक्ती चाकांना परत मिळते, आणि तीही विनामूल्य.

"मग गाडी वेगवान झाल्यासारखी का वाटते?" हा प्रश्न मला त्या तरुणाने विचारला, आणि तो प्रामाणिक होता. याचे उत्तर असे, की आपण वेग डोळ्यांइतकाच कानांनीही मोजतो. पूर्वी तीन हजार फेऱ्यांवर जेवढी गर्जना ऐकू येई, तेवढी आता दोन हजारांवर ऐकू येते, आणि मन तिचा अर्थ 'गाडी धावते आहे' असा लावते. त्याच्या आग्रहावरून एका रविवारी मी त्याच्या शेजारी बसून चेंबूरपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरात, काटा चोविसशेवर स्थिर असता, गाडीच्या आत एक असा घुमारा उठला की डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या मूर्तीने थरथरून तोंड फिरविले, आणि त्या तरुणाने आपण होऊन गाणे बंद केले, कारण ते ऐकूच येत नव्हते. हा घुमारा दैवी नव्हे. चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेट घेते. मिनिटाला चोवीसशे फेरे म्हणजे सेकंदाला चाळीस, आणि पेट सेकंदाला ऐंशी. ऐंशी हर्ट्झचा तो सूर गाडीच्या बंद पेटीत घुमतो, आणि शहरात जितका वेळ आपण त्या फेऱ्यांवर असतो, तितका वेळ डोके भणभणते.

हा सूर पूर्वी कोठे जात होता, ते पाहण्यासाठी त्या तरुणाच्या परवानगीने मीटरखोलीतला डबा मी एका वेल्डरकडून मधोमध उघडवून घेतला. वरून दिसणाऱ्या ओबडधोबड पत्र्याच्या आत जे निघाले, ते पाहून तो वेल्डरही क्षणभर हातातले काम विसरला. आडव्या पडद्यांनी पाडलेल्या तीन खोल्या. त्यांतून आरपार गेलेल्या, चाळणीसारखी शेकडो बारीक भोके पाडलेल्या नळ्या. एका खोलीत काचेच्या लोकरीचा पिवळा पडलेला थर. आणि एक खोली अशी की जिला आत शिरावयास वाट आहे, पण पुढे निघावयास नाही. उतावळा माणूस या आंधळ्या खोलीलाच 'अडथळा' म्हणेल. वस्तुतः वायूची वाट तिच्यातून जातच नाही. तिच्यात जाते ती केवळ लहर, आणि त्या खोलीचे आकारमान असे बेतलेले असते की नको त्या सुराची लहर तेथून उलटी येऊन त्याच सुराला मारून टाकते. तळाशी, आगकाडी कशीबशी जाईल एवढे एक भोक होते. ते गंजाने पडलेले नसून कारखान्यातच पाडलेले आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. लहान पल्ल्यांत नळी पुरेशी तापत नाही, आणि वाफ होऊन न गेलेले हे पाणी त्या भोकातून ठिबकून जावे अशी ती योजना आहे. आमच्याकडे जुहूच्या खाऱ्या वाऱ्याने बाहेरून आणि या पाण्याने आतून नळी गंजते; नव्या नळकांड्याच्या वेल्डिंगवर दोन महिन्यांत तांबूस झालर चढलेली मी पाहिली, आणि त्याला पाणी निचरण्यासाठी भोक मात्र कोणी ठेवलेले नव्हते.

येथे माझ्याच पक्षातील काही मंडळींचा एक गैरसमज दूर करणे मी कर्तव्य समजतो, कारण वाईट युक्तिवादाने चांगली बाजू हरते. 'इंजिनाला बॅक प्रेशर लागतेच, ते काढले की व्हॉल्व्ह जळतात,' असे पुष्कळ जुने मेकॅनिक ठासून सांगतात. हे खरे नाही. मागून येणाऱ्या दाबाची इंजिनाला कधीही गरज नसते. गरज असते ती वायूच्या वेगाची आणि लहरींच्या वेळापत्रकाची, आणि अरुंद नळीत दाब व वेग दोन्ही एकदम वाढत असल्यामुळे गुणाचे श्रेय दोषाला दिले गेले. व्हॉल्व्ह जळाले असतील, तर ते मिश्रणात पेट्रोल कमी पडून वाढलेल्या उष्णतेने किंवा नीट न मिटल्याने जळाले असतील. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे खरे नुकसान कोठे होते, तिकडे नजर वळते.

खरे नुकसान होते ते गाडीच्या मेंदूत. आजचे इंजिन सुमारे चौदा पूर्णांक सात भाग हवेस एक भाग पेट्रोल या प्रमाणाचा सतत पाठलाग करीत असते, आणि त्यासाठी एक्झॉस्टच्या वाटेवर बसविलेला ऑक्सिजन सेन्सर दर क्षणी खबर देत असतो. गॅरेजात घाईने केलेल्या जोडाला सेन्सरच्या आधी केसाएवढी जरी फट राहिली, तरी दोन धक्क्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत येते. सेन्सर समजतो की पेट्रोल कमी पडले, आणि संगणक, ज्याला चाकरासारखी निष्ठा असते पण डोळे नसतात, तो अधिक पेट्रोल ओतू लागतो. ॲव्हरेज घटते, प्लगवर काजळी धरते, आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन खाली तेलात मिसळते. याच्या उलट, ज्या गाड्यांत आत येणारी हवा प्रत्यक्ष न मोजता आधी भरून ठेवलेल्या कोष्टकावरून अजमावली जाते, त्यांत नळी खरोखरच मोकळी झाली आणि कोष्टक जुनेच राहिले, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर हवा जास्त आणि पेट्रोल कमी असा प्रसंग येतो. उष्णता वाढते, इंजिन ठोकू लागते, आणि नॉक सेन्सरच्या खबरीवरून संगणक इंजिनाच्या बचावासाठी ठिणगीची वेळ मागे सारून उरलीसुरली शक्तीही परत घेतो. म्हणजे जो लाभ व्हावयाचा होता, तो व्हावयास संगणकाचे कोष्टक फिरून लिहावे लागते, आणि ते लिहिणारा माणूस जाणता नसेल, तर एका चुकीवर दुसरी चूक चढविली जाते.

आता या कथेचा दुसरा अंक. दोन महिन्यांनी त्याच गॅरेजवाल्याने त्या तरुणाला सुचविले की नुसता मफलर बदलून भागत नाही, खरा अडथळा पुढे आहे, तेव्हा हेडर बदलू. मजुरी त्याने माफ केली; जुना भाग मात्र स्वतःकडे ठेवून घेतला. मीटरखोलीत डबा परत आला, पण तो भाग परत आला नाही, याचे कारण उघड आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांत, लवकर तापावा म्हणून, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला अगदी लगटून मॅनिफोल्डमध्येच बसविलेला असतो, आणि त्याच्या मधाच्या पोळ्यासारख्या घरांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा असतो. ज्याला तो तरुण कचरा समजून सोडून आला, त्याला भंगारबाजारात चांगला भाव आहे.

हा कन्व्हर्टर पुरता तापला, की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तो निरुपद्रवी करून सोडतो. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला, आणि शिसे या धातूंना निकामी करीत असल्यामुळे त्याबरोबरच शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ साली वाहनांच्या इंधनाचे व धुराचे टप्पे आखून दिले, आणि १ एप्रिल २०२० रोजी देश एकदम भारत स्टेज सहापर्यंत येऊन पोहोचला. पंचवीस वर्षांचा हा सारा प्रवास एका करवतीने अर्ध्या तासात उलटा फिरविता येतो.

कन्व्हर्टर गेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या गाडीच्या काट्यांमधला पिवळा इंजिनाचा दिवा लागला, कारण कन्व्हर्टरच्या मागे बसविलेला दुसरा सेन्सर त्याचे काम तपासत असतो आणि आता तपासावयास काही उरलेच नव्हते. गॅरेजवाल्याने त्यावर उपाय केला तो असा, की सेन्सर एका पोकळ तुकड्यावर चढवून वायूच्या झोतापासून दूर नेला. दिवा विझला. काही जणांच्या गाडीत तो विझत नाही, आणि ते लोक तो दिवा जळताच ठेवून वर्षानुवर्षे गाडी हाकतात. उद्या खरोखर एखादी कॉइल निकामी झाली, एखादा सिलिंडर पेट घेईनासा झाला, तर तो सांगणारा एकच दिवा होता, आणि त्याला एकतर खोटी साक्ष द्यावयास लावलेली असते किंवा त्याची साक्ष मानण्याचे मालकाने सोडून दिलेले असते. ज्या उपचाराने रोग्याचा ताप जाण्याऐवजी थर्मामीटर फोडला जातो, त्याला उपचार म्हणण्याची चाल वैद्यकात नाही. गॅरेजात ती कशी रूढ झाली, हे नवल आहे.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. कच्च्या जोडांतून झिरपणारा वायू गाडीच्या पोटाखाली साठतो, आणि रस्त्यावर गाड्या खोळंबल्या असता तो फटींतून आत येऊ शकतो. कन्व्हर्टर काढलेल्या गाडीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण कितीतरी वाढलेले असते; त्याला रंग नाही, वास नाही, आणि मागच्या सीटवर पेंगणारे मूल 'मला चक्कर येते' एवढेच म्हणेल, तेही वेळेवर म्हटले तर. ॲक्सिलरेटर सोडताच फटाके फुटावेत म्हणून मुद्दाम न जळलेले पेट्रोल नळीत सोडण्याची जी नवी फॅशन आली आहे, तिचाही येथेच समाचार घेतो: ते पेट्रोल जेथे जळू नये तेथे जळते, कन्व्हर्टर जागेवर असेल तर त्याची मातीची घरे वितळून बसतात, आणि मग ज्या वाटेला आपण मोकळी करावयास निघालो होतो, तीच खरोखर तुंबते.

डिझेल गाडीचा न्याय वेगळा नाही. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीत काजळी अडविणारी जाळी असते. ती भरत आली की इंजिन तिच्यातील उष्णता सुमारे सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत चढवून काजळी जाळून टाकते. आमच्याकडच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे जाळणे पुरे होत नाही, जाळी वारंवार भरते, आणि मालक वैतागून ती पोकळ करून घेतो. त्याला खरे म्हणजे आठवड्यातून एकदा ठाण्यापलीकडे जाऊन येण्याचा सल्ला हवा होता. मिळाली ती छिन्नी.

रेसच्या गाड्यांचा दाखला हा प्रतिपक्षाचा सर्वांत आवडता दाखला आहे, आणि सर्वांत दुबळाही. रेसचे इंजिन आपले सारे आयुष्य वरच्या फेऱ्यांवर घालविते. त्याचे कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, इनटेक आणि संगणकाचे कोष्टक हे सर्व त्या नळीच्या मापाने, किंवा नळी त्यांच्या मापाने, बेतलेली असते. आणि थोड्या शर्यती झाल्या की ते खोलून पुन्हा बांधले जाते. जगातील कित्येक ट्रॅकवर त्यालाही आवाजाची मर्यादा पाळावी लागते. पैलवानाच्या खुराकातून एकटे तूप उचलून बैठ्या कारकुनाला पाजले, तर त्याची छाती रुंदावत नाही.

राहिला तो शेवटचा दावा, की कंपनी पैसे वाचविण्यासाठी हलकी नळी घालते. कंपनी पैसे वाचविते, यात शंका नाही. परंतु जी कंपनी आपल्या जाहिरातीत एका अश्वशक्तीसाठी आणि लिटरमागे एका किलोमीटरसाठी प्रतिस्पर्ध्याशी हातघाईवर येते, तिला चार बोटे रुंद पाइपाने ते दोन्ही साधत असते, तर तिने तो पाइप घातला नसता काय? रुंद पाइपाला अरुंद पाइपापेक्षा जो काही जास्तीचा पत्रा लागेल, तो तिच्या हिशेबात चिल्लर आहे. तिने तो घातला नाही, कारण शक्ती, मायलेज, धूर, आवाज आणि टिकाऊपणा या पाचांचा एकदम मेळ घालून पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या तपासणीतून तिला पार व्हावे लागते. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेसारख्या अधिकृत ठिकाणी जी मंजुरी मिळते, ती एकट्या इंजिनाला मिळत नाही; एक्झॉस्टच्या शेपटापर्यंत संपूर्ण गाडीला मिळते.

कायद्याचा उल्लेख मी शेवटी करतो, कारण शिक्षेच्या भयाने पटलेले मत भय सरताच सुटते. तरीही तरतुदी स्पष्ट आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे असे सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मज्जाव करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलागणिक पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, तर आवाजाचे व धुराचे मानक मोडणारी गाडी रस्त्यावर आणणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्स गमावणे, अशी तजवीज कलम १९० मध्ये आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, विसाने वाढला की शंभरपट. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले जात असल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो आणि हसतो. पण त्या ढिगाऱ्यात कोणाच्या तरी कष्टाचे पैसे चपटे होत असतात, हे विसरतो.

तेव्हा या विषयावर माझा निर्णय असा: रस्त्यावर रोज चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या लहान मोटारीचा एक्झॉस्ट बदलणे म्हणजे इंजिनाला श्वास देणे नव्हे, त्याच्या आवाजाला मोकाट सोडणे होय; कन्व्हर्टर काढणे हा तर इंजिनाशी आणि शेजाऱ्याशी एकाच वेळी केलेला दगा आहे. ज्याला गाडी खरोखर चपळ हवी आहे, त्याने हवेचा फिल्टर व प्लग वेळेवर बदलावेत, टायरमध्ये हवा नेमकी ठेवावी, बूटमध्ये वर्षभर पडलेले सामान उतरवावे, आणि तरीही समाधान झाले नाही तर मोठ्या इंजिनाची गाडी घ्यावी. हे उपाय नीरस आहेत, हे मला मान्य आहे.

आणि एवढ्यावरही ज्याची हौस फिटत नसेल, त्या तरुण वाचकाला माझी एकच विनंती आहे. करवत चालविण्यापूर्वी गॅरेजवाल्याकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: दोन हजार फेऱ्यांवर आधी किती टॉर्क होता आणि नंतर किती असेल, काढलेला प्रत्येक भाग तो परत देईल, आणि उद्या परिवहन खात्याने दंड केला किंवा विमा कंपनीने दावा नाकारला, तर ती रक्कम तो भरील. खाली सही आणि तारीख. तिसऱ्या मजल्यावरचा तो तरुण गेल्या महिन्यात असाच एक कोरा कागद घेऊन गॅरेजात गेला होता. परत आला तेव्हा कागद कोराच होता, आणि त्याने मला विचारले, "काका, तो डबा पुन्हा वेल्ड करता येईल का?" मीच तो मधोमध उघडविला होता, म्हणून उत्तर देताना मला थोडा संकोच वाटला. आता त्याने नवा मागविला आहे.